कपाचा न दिसणारा कान

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत चित्रकलेविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. मधुमेह, हृदयविकार, प्रतिजैविकांचा अतिवापर यांवर त्या त्या विषयाच्या अधिकारी व्यक्तींनी लिहावे आणि बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे, हा रूढ शिरस्ता आहे. परंतु बडोद्यात तीस-पस्तीस वर्षे लहान मुलांच्या सहवासात काढल्यानंतर एका साध्या विषयावर माझे निश्चित मत बनले आहे आणि ते मांडण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाही. विषय असा की, थोर चित्रकारांच्या प्रेरणेने लहान मुलांना स्थिरचित्र शिकवावे काय आणि शिकवावे तर कोणत्या रीतीने?

हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. सुटीतील छंदवर्ग, शाळांचे कलासप्ताह, निरनिराळ्या मंडळांची स्नेहसंमेलने अशा सर्व ठिकाणी 'व्हॅन गॉगची सूर्यफुले' आणि 'सेझानची सफरचंदे' अवतरू लागली आहेत. कल्पना उत्तम आहे. आमच्या लहानपणी दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड यांपलीकडे चित्रकलेची मजल जात नसे. त्यामानाने आजच्या मुलाच्या कानी सातव्या वर्षी व्हॅन गॉगचे नाव पडते, ही आनंदाचीच गोष्ट होय. पण प्रत्यक्षात घडते ते असे: बाह्यरेषा आधीच छापलेला कागद मुलाच्या हाती दिला जातो, मोबाइलच्या पडद्यावर मूळ चित्र दाखविले जाते, 'येथे पिवळा, येथे हिरवा' अशा सूचना होतात आणि तासाभरात वीस मुलांची वीस सूर्यफुले तयार होतात. सर्व एकसारखी. पालक छायाचित्रे काढतात, कौतुक होते आणि मूल घरी जाते. एवढ्या वेळात त्या मुलाने खरे सूर्यफूल एकदाही पाहिलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. थोर चित्रकार मुलांपुढे अवश्य आणावेत, मात्र त्यांनी काढलेले उत्तर गिरविण्यास न देता त्यांना पडलेला प्रश्न मुलांना द्यावा. आणि मुलासमोर टेबलावर चित्राची प्रत न ठेवता एखादी खरीखुरी वस्तू ठेवावी.

डॉक्टरांचा येथे संबंध काय?

आपल्या व्यवसायाचा पायाच मुळी पाहण्यावर आहे. आयुर्वेदाच्या त्रिविध परीक्षेत दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असा क्रम सांगितला आहे. आधुनिक वैद्यकातही रुग्णतपासणीची सुरुवात निरीक्षणानेच होते, हात आणि स्टेथोस्कोप नंतर येतात. तरीही अनुभवी शिक्षकांना विचारा, ते सांगतील की विद्यार्थी पाहण्याआधीच नाव देऊन मोकळा होतो. यकृताच्या विकाराचा रुग्ण म्हटला की न पिवळलेले डोळेही त्याला पिवळे दिसू लागतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने या दोषावर एक वेगळा उपाय करून पाहिला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेऊन एकेका चित्रासमोर उभे केले आणि जे दिसते तेवढेच, अर्थ न लावता, वर्णन करण्यास सांगितले. पुढे रुग्णांच्या छायाचित्रांचे वर्णन करताना हे विद्यार्थी इतरांहून सरस ठरले. हा अभ्यास 2001 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. चेतापेशींची रचना उलगडणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांना बालपणी चित्रकार व्हायचे होते. वडील शल्यचिकित्सक, त्यांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. अखेरीस त्यांनी मुलाला शरीररचनाशास्त्र शिकवायला घेतले आणि मानवी हाडे समोर ठेवून ती रेखाटायला बसविले. त्या हाताने पुढे काढलेली चेतापेशींची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात आणि 1906 च्या नोबेल पारितोषिकात काहाल यांचा वाटा होता. हाडे समोर ठेवून काढलेले ते रेखाटन म्हणजे, माझ्या मते, एका परीने स्थिरचित्रच होय.

याचा अर्थ सूर्यफूल रेखाटणारे प्रत्येक मूल पुढे निदानकुशल डॉक्टर होईल असा कोणी काढू नये. पण एका वस्तूकडे दहा मिनिटे शांतपणे पाहण्याची सवय, जी पडद्यावरील क्षणाक्षणाला बदलणारी चित्रे मोडून टाकतात, ती लावण्याचे याइतके स्वस्त साधन मला दुसरे ठाऊक नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले. आपण पालकांना ते सांगतो. 'मग त्या वेळात करायचे काय?' या त्यांच्या प्रश्नाला मात्र आपल्याजवळ बहुधा उत्तर नसते.

मूल काय पाहते?

मुलांना स्थिरचित्र शिकविण्यापूर्वी एक प्रसिद्ध प्रयोग प्रत्येक पालकाने आणि परीक्षकाने समजून घ्यावा असा आहे. 1972 साली फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. कपाचा कान मागील बाजूस वळवून दडविलेला होता आणि पुढील बाजूस एक फूल चितारलेले होते. 'जसे दिसते तसे काढा,' असे मुलांना सांगितले. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारे फूल गाळले. आठ वर्षे आणि त्यापुढील मुलांनी कान गाळून फूल काढले.

लहान मुलांचे चुकले काय? मुळीच नाही. त्यांच्या लेखी कपाला कान असतो, म्हणूनच तो कप असतो. कान नसेल तर तो पेला झाला! मूल वस्तूविषयीचे आपले ज्ञान कागदावर उतरवीत असते. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी 1927 सालीच याला बौद्धिक वास्तववाद असे नाव दिले होते. दृष्टीपुढे जे आहे ते काढणे ही त्यानंतरची पायरी आहे आणि सर्वसाधारणपणे सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास मूल तेथे येऊन पोहोचते. तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि मग त्रिकोण, सहा-सात वर्षांचे झाल्यावर शंकरपाळ्याचा आकार, हा विकासक्रम आपण बालरोगतज्ज्ञ रोज तपासतो. चार वर्षांच्या मुलाला शंकरपाळ्याचा आकार साधला नाही म्हणून आपण त्यास दोष देत नाही. मग पाच वर्षांच्या मुलाने न दिसणारा कान काढला तर गुण का कापावेत?

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी एका चित्रकला स्पर्धेत सहा वर्षांच्या एका मुलाने समोर ठेवलेला तांब्या काढला आणि त्यात भरलेले पाणीही काढले. तांब्या पितळी; आतले पाणी बाहेरून दिसणे शक्य नाही. परीक्षकांनी त्या पाण्यावर लाल फुली मारली आणि 'निरीक्षण कच्चे' असा शेरा दिला. तो मुलगा माझा रुग्ण. पुढे सर्दी-खोकल्यासाठी आला तेव्हा, नेहमी माझ्या टेबलावरील चिठ्ठ्यांवर काहीबाही गिरगटणाऱ्या त्या मुलाने पेन हाती घेतले नाही. आईने सांगितले, 'आता तो चित्रे काढीत नाही. मला येत नाही म्हणतो.' सहाव्या वर्षी 'मला येत नाही' या निष्कर्षास पोहोचलेले मूल पाहून मला जे वाटले, त्यातून हा लेख लिहिला जात आहे. त्या मुलाचे निरीक्षण कच्चे नव्हते. तांब्यात पाणी आहे, हे त्याने जवळ जाऊन, वाकून पाहिले होते.

चित्रकारांचे प्रश्न

आता थोर चित्रकारांकडे वळतो. त्यांची नावे घेताना मुलांना जीवनचरित्रे पाठ करावयास लावू नयेत. प्रत्येकाकडून एकच प्रश्न उसना घ्यावा.

पहिला प्रश्न शार्दँ यांचा. अठराव्या शतकातील या फ्रेंच चित्रकाराच्या काळी देवादिकांची, राजेरजवाड्यांची आणि युद्धांची चित्रे श्रेष्ठ मानली जात. स्थिरचित्राचे स्थान सर्वांत खालचे. शार्दँ यांनी आयुष्यभर स्वयंपाकघरातील भांडी रंगविली. सुमारे 1761 मधील त्यांच्या एका चित्रात पाण्याचा पेला, कॉफीचे भांडे आणि लसणाचे गड्डे आहेत. त्यांचा प्रश्न असा: आपल्या घरात रोज हाताळली जाणारी, तरीही कधी न पाहिलेली वस्तू कोणती? हा प्रश्न मुलांना घातला की ती स्वयंपाकघरात धावतात. आमच्या घरी खलबत्ता आला, किसणी आली, एकदा चक्क चहाची गाळणी आली. तिची जाळी काढता काढता एका मुलीने अर्धा तास मान वर केली नाही.

दुसरा प्रश्न सेझान यांचा. दक्षिण फ्रान्समधील एक्स गावचे हे चित्रकार इतके सावकाश काम करीत की, मांडलेली फळे सडून जात आणि फुलांऐवजी त्यांना कागदी फुले वापरावी लागत. शिकागोच्या कलासंग्रहालयात त्यांचे 'सफरचंदांची टोपली' हे चित्र आहे. त्यातील टेबलाची कड डावीकडून निघते ती उजवीकडे पोहोचल्यावर जुळतच नाही. बाटलीही कललेली आहे. पाहणारा माणूस एका जागी खिळलेला नसतो, तो मान हलवितो, पुढे झुकतो, आणि त्या सर्व पाहण्यांचा मेळ एका चित्रात घालण्याची ती धडपड होती. प्रश्न असा: उभे राहून पाहिले तर काय दिसते आणि खाली बसून पाहिले तर काय? वाटीचे तोंड उभ्याने गोल दिसते, बसल्यावर लांबट होते आणि डोळ्यांच्या पातळीवर येताच नुसती रेघ उरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे स्वतः आढळले की त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद पाहण्यासारखा असतो. यथार्थदर्शनाचे नियम शिकविण्यास आणखी चार-पाच वर्षे थांबले तरी चालते.

तिसरा प्रश्न व्हॅन गॉग यांचा. 1888 च्या ऑगस्टमध्ये आर्ल येथे त्यांनी सूर्यफुलांची चित्रे झपाट्याने काढली. गोगँ हे चित्रकार मित्र राहावयास येणार होते आणि त्यांची खोली सजवावयाची होती. फुले लवकर कोमेजतात म्हणून ते सूर्योदयापासून कामास लागत. त्यांपैकी लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातील चित्रात फुले पिवळी, फुलदाणी पिवळी आणि पार्श्वभूमीही पिवळी आहे. तेव्हा प्रश्न असा: एकाच रंगाचे किती रंग असतात? यासाठी सूर्यफूलच हवे असे नाही. आपल्याकडे झेंडू आहे, लिंबू आहे, हळकुंड आहे, पिकलेले केळे आहे आणि उन्हाळ्यात आंबा आहे. हे सर्व एका पिवळ्या कापडावर मांडून पाहा. पेटीतील एकच पिवळा खडू अपुरा पडतो, हे मुलाला आपोआप उमगते आणि मग तो नारिंगी, तपकिरी, कधी हिरवाही हाती घेतो. जाता जाता डॉक्टर म्हणून एक सूचना: व्हॅन गॉग यांनी वापरलेला क्रोम यलो हा शिशाचा क्षार आहे. मुलांसाठी रंग घेताना ते शिसेविरहित असल्याची खात्री वेष्टनावरून करून घ्यावी. लहान मुलाचा खडू कागदाइतकाच तोंडातही जातो.

चौथा प्रश्न जॉर्जो मोरांदी यांचा, आणि हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. इटलीतील बोलोन्या शहरी तीन बहिणींसमवेत राहणाऱ्या या अविवाहित गृहस्थाने जन्मभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया काढल्या. जागा तेवढी बदले. कधी दोन बाटल्या एकमेकींना टेकलेल्या, कधी मध्ये बोटभर फट. 1914 पासून सुमारे पंधरा वर्षे ते बोलोन्याच्या प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवीत, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. त्यांचा प्रश्न: त्याच वस्तू थोड्या सरकविल्या तर काय बदलते? मुलांना तीन डब्या द्याव्यात आणि मांडणी त्यांनाच करू द्यावी. 'या दोघींचे भांडण झाले आहे, म्हणून ही लांब उभी आहे,' असे एका सहा वर्षांच्या मुलीने मला समजावून सांगितले. चित्ररचनेचा याहून चांगला पहिला पाठ मी तरी देऊ शकलो नसतो.

पाचवे नाव मातीस यांचे आणि ते डॉक्टरांनी घेतलेच पाहिजे. तरुणपणी आंत्रपुच्छाच्या आजारातून उठत असताना वेळ जाण्यासाठी आईने रंगांची पेटी आणून दिली आणि वकिली पेशाकडे निघालेला हा तरुण चित्रकार झाला. 1941 साली पोटातील कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगविणे कठीण झाले तेव्हा त्यांनी कात्री हाती घेतली आणि रंगविलेले कागद कापून चित्रे रचली. प्रश्न असा: पेन्सिलीशिवाय हे फळ कसे सांगता येईल? ज्या मुलांची बोटे अजून पेन्सिलीला सरावलेली नाहीत, ज्यांच्या स्नायूंवर ताबा कमी आहे, त्यांना फाडलेल्या रंगीत कागदातून केलेला पेरू फार समाधान देतो. रुग्णालयात दीर्घकाळ पडून असलेल्या मुलांसाठी याचा विचार अवश्य व्हावा.

नक्कल वाईटच काय?

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. व्हिएन्नाच्या फ्रान्झ सिझेक यांनी 1897 साली मुलांचे कलावर्ग सुरू केले, तेव्हापासून एक मतप्रवाह असा आहे की, मुलाला प्रौढांचे चित्र दाखवूच नये; त्याची अभिव्यक्ती उपजत असते आणि नमुना दाखविला की ती मरते. पुढे लोवेनफेल्ड यांनी 1947 मधील आपल्या ग्रंथात आयत्या बाह्यरेषांत रंग भरण्याच्या वह्यांवर कडक टीका केली. उलट बाजूने आपल्याकडील जाणते लोक विचारतात की, गाणे गुरूच्या गळ्यातून उचलल्याशिवाय येत नाही, मग चित्र तरी नकलेशिवाय कसे येईल?

दोन्ही पक्षांत तथ्य आहे आणि ते वयाप्रमाणे वाटून घेतले पाहिजे, असे मला वाटते. सात वर्षांपर्यंत नकलेचे काम नाही. तेथे वस्तू, खडू आणि मोठा कागद पुरे. चित्रकाराची कथा सांगावी आणि चित्र शेवटी दाखवावे. सात ते नऊ या काळात चित्रकाराचा प्रश्न आधी आणि चित्र मागाहून. नऊ-दहा वर्षांनंतर मुलाला स्वतःलाच 'खरे दिसावे' अशी ओढ लागते, आपले चित्र खरे दिसत नाही म्हणून ते खंतावते आणि अनेक मुले नेमकी याच वळणावर चित्रकला सोडून देतात. त्या वेळी मात्र सेझानच्या एखाद्या सफरचंदाची जाणीवपूर्वक केलेली नक्कल हात धरून पुढे नेते, कारण आता मुलाला स्वतःचा प्रश्न पडलेला असतो आणि तो दुसऱ्याने कसा सोडविला हे पाहावयाचे असते. महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. वस्तुचित्र आणि स्थिरचित्र या विषयांसाठी तेथे समोर खरोखरीच्या वस्तू मांडलेल्या असत, हे त्यांना आठवेल. त्या पद्धतीत शिस्तीचा काच होता खरा, पण डोळ्यांना काम होते.

काही व्यावहारिक गोष्टी

गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील पाच ते अकरा वर्षांची आठ-दहा मुले आमच्या ओसरीवर जमतात. मी चित्रकार नाही. मला सरळ रेघही धड ओढता येत नाही आणि ते मुलांना ठाऊक असल्याने त्यांना संकोच वाटत नाही. अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी नोंदवितो.

लहानांसाठी एकच वस्तू, मोठ्यांसाठी फार तर तीन. वस्तू मुलाच्या डोळ्यांच्या पातळीहून किंचित खाली ठेवावी. उजेड एका बाजूच्या खिडकीतून यावा म्हणजे सावली स्पष्ट पडते. छतावरील दिवे बंद करावेत. आरंभी पाच मिनिटे कागद द्यायचाच नाही. वस्तू हाताळावी, वजन पाहावे, वास घ्यावा, वाजवून पाहावी. खोडरबर ठेवू नये. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी ओढावी. सहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटे पुरतात. त्यानंतर ते उठले तर उठू द्यावे.

'हे काय काढलेस?' असे विचारू नये. 'मला याबद्दल सांग,' असे म्हणावे. एकदा चकचकीत घासलेल्या पितळी लोट्याच्या पोटावर एका मुलाने खिडकी, तिचे गज आणि एक वाकडा चेहरा काढला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, 'काका, लोट्यात मी बसलो आहे ना!' मी खुर्ची सोडून त्याच्या जागी जाऊन बसलो तेव्हा मलाही माझा वाकडा चेहरा दिसला.

आणखी एक इशारा खास वैद्यकीय बंधुभगिनींसाठी. एका चित्रावरून मुलाच्या मनाचे निदान करू नये. 'सगळे काळ्या रंगात काढतो, काही मानसिक त्रास तर नसेल?' असे पालक विचारतात. पुष्कळदा पेटीत काळाच खडू शिल्लक राहिलेला असतो! माणसाचे चित्र काढावयास सांगून मुलाचा विकास जोखण्याची कसोटी आहे आणि आपल्याच बडोद्याच्या विद्यापीठातील डॉ. प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी प्रमाणित केली. परंतु तिला निश्चित नियम आणि गुणांकनपद्धती आहे. रविवारच्या लोट्यावर ती लावावयाची नसते.

मंडळास तीन सूचना

बडोद्याला या बाबतीत परंपरा नाही असे कोण म्हणेल? सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याआधी 1890 साली कलाभवन स्थापन झाले होते. दादासाहेब फाळके तेथे शिकले. कमाटीबागेतील संग्रहालयाला जोडून महाराजांनी युरोपीय चित्रांचे दालन उभारले, ते 1921 साली खुले झाले. 1950 साली विद्यापीठात ललितकला शाखा सुरू झाली आणि इंदूरच्या मराठी घरातून आलेले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. अशा गावात राहून आपण मुलांच्या हाती छापील बाह्यरेषा द्याव्यात, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून पहिली सूचना. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात लहान मुलांची चित्रकला स्पर्धा असते, तिच्याऐवजी वस्तुचित्राची बैठक ठेवावी. प्रत्येक सभासदाने घरातील एक जुनी वस्तू आणावी: फिरकीचा तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा, आजीची कळशी. दांडिया बाजारातील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा वस्तू अजूनही सापडतील. आठ वर्षांखालील मुलांना क्रमांक देऊ नयेत. सर्व चित्रे भिंतीवर लावावीत आणि प्रत्येकाखाली मुलाने सांगितलेले एक वाक्य लिहावे. मोठ्यांसाठी परीक्षक नेमल्यास त्यांना कपाच्या कानाची गोष्ट आधी सांगावी.

दुसरी सूचना. हिवाळ्यात एका रविवारी मुलांना संग्रहालयात न्यावे. संपूर्ण दालन दाखवू नये. एकाच चित्रासमोर दहा मिनिटे जमिनीवर बसवावे आणि प्रत्येकाने दिसलेली एक गोष्ट सांगावी, आधी कोणी न सांगितलेली.

तिसरी सूचना आपल्या दवाखान्यांसाठी. प्रतीक्षागृहातील दूरचित्रवाणी संचाच्या जागी एक ठेंगणे टेबल ठेवावे. त्यावर एक वस्तू असावी, रोज बदललेली: आज वांगे, उद्या लोटी, परवा कुलूप. शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा. संसर्गाचे भान आपल्याला 2020 नंतर नव्याने आले आहे, तेव्हा खडूचे लहान तुकडे करून प्रत्येक मुलाला स्वतंत्र द्यावेत आणि ते त्याने घरी न्यावेत. महिन्याचा खर्च एखाद्या औषध कंपनीच्या भेटवस्तूहून अधिक होणार नाही. मी हे करून पाहिले आहे. मुले कमी रडतात, असे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण ती आत येतात तेव्हा हातात काहीतरी दाखवावयाचे असते, आणि मलाही तपासणीआधी त्यांच्याशी बोलावयास विषय मिळतो.

ज्या मुलाच्या तांब्यावर लाल फुली पडली, तो आता मोठा झाला आहे आणि चित्रे काढीत नाही. त्याचे काही मोठे नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. तो अभ्यासात हुशार आहे. परंतु वाकून तांब्यात डोकावण्याची त्याची ती वृत्ती पुढे कुठे गेली, हे मला सांगता येत नाही. आपल्या मंडळाच्या बैठकीत येणाऱ्या पुढच्या मुलाने न दिसणारे पाणी काढले, तर त्याच्याजवळ बसून एवढेच विचारावे, 'किती भरलेला आहे रे तांब्या?' तो नक्की सांगेल.